सच्छिद्र खडक आणि त्यातील पाणी

लाट ओसरल्यावर ओल्या वाळूत पाऊल टाकले असता पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडलेली दिसते. भाराखाली दबून पाणी वर यावयास हवे, परंतु घडते ते उलटेच. ऑस्बर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ साली याचा उलगडा केला. घट्ट बसलेले कण सरकताना एकमेकांवर चढतात, मधल्या पोकळ्या वाढतात आणि पृष्ठभागावरील पाणी त्यांत शिरते.

वालुकाश्म म्हणजे असेच कण, मात्र नैसर्गिक लुकणाने सांधलेले. खडकाच्या लगतच्या भागांवर परस्परविरुद्ध दिशांनी जोर पडला, म्हणजे त्यावर कर्तन प्रतिबल आले असे म्हणतात. भूपृष्ठानजीक, चोहोबाजूंचा दाब थोडा असताना, सांधे तुटतात, खडक किंचित फुगतो आणि तिरप्या प्रतलावर एकाएकी भंगतो. अतिशय खोलवर मात्र कणांना वर चढण्यास वावच नसतो. तेथे ते चिरडतात, त्यांचा चुरा रंध्रांत भरतो व खडक आकसत जातो.

परंतु रंध्रे सहसा रिकामी नसतात. त्यांतील पाणी दाबाखाली असले, तर वरच्या भाराचा काही हिस्सा तेच पेलते. कणांना एकमेकांशी दाबून धरणारा जोर त्या मानाने घटतो व घर्षणही घटते. मातीच्या बाबतीत हे तत्त्व कार्ल टर्झागी यांनी मांडले होते. पाणी खडकाला वंगण घालते, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते बरोबर नव्हे. येथे पाणी टेकूचे काम करते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रेंजली येथील तेलक्षेत्रात, अधिक तेल मिळावे म्हणून वेबर वालुकाश्मात पाणी भरले जाई, आणि तेथे लहान भूकंप होत. १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याची परीक्षा घेतली. खडकाचे घर्षण प्रयोगशाळेत व प्रतिबल प्रत्यक्ष विहिरीत मोजण्यात आले. रंध्रजलाचा दाब सुमारे २५७ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अडीचशे पट झाला, की जुना प्रस्तरभंग सरकेल, असे गणित निघाले. पाणी उपसून दाब त्याखाली आणताच विहिरींजवळचे भूकंप जवळजवळ थांबले. तो पुन्हा चढविला, तेव्हा धक्केही परतले.

तेलाबरोबर वर येणारे खारे पाणी किंवा कारखान्यांतील कार्बन डायऑक्साइड खोल खडकांत सोडताना अभियंते दाबावर नजर ठेवतात, ती याच कारणाने.