दुसऱ्यांदा टेबलावर जाण्याआधी

बँकेत असताना मी तीस-बत्तीस वर्षं कर्जाच्या अर्जांवर सह्या केल्या. त्यातली बरीच वर्षं इथे भिवंडीत, यंत्रमागवाल्यांच्या संगतीत गेली. जुने माग नीट चालत नाहीत, नव्यांसाठी कर्ज हवंय, असं म्हणत कुणी समोर बसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘‘आधीच्या कर्जाचं काय झालं?’’ समोरचा उत्तराला जितका वेळ लावी, तितका माझा हात सहीपासून लांब जाई. आज सहासष्टाव्या वर्षी तोच प्रश्न स्वतःला विचारायची पाळी माझ्यावर आली आहे. आणि विषय असा, की धामणकर नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर आम्ही निवृत्त मंडळी राजकारणापासून मूळव्याधीपर्यंत सगळं बोलतो, पण हे बोलत नाही.

सरळच सांगतो. वीस-बावीस वर्षांच्या मधुमेहाने माझी लैंगिक ताठरता गेली. औषधं करून झाली. शेवटी चार वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया करून शिश्नात कृत्रिम दांड्या बसवून घेतल्या. त्या नीट बसल्या नाहीत. आता दुरुस्तीची शस्त्रक्रिया करावी की आहे ते सोसावं, या विचारात गेले आठ महिने आहे. चारचौघांत पुरवणी उघडून बसलेल्यांनी दचकू नये. पुढे वावगं काही नाही, आणि मधुमेह आज कोणत्या घरात नाही?

शिश्नाच्या आत स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. त्यांत रक्त भरलं की ताठरता येते. मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू खराब झाले की ते रक्त पुरेसं भरत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या व्हायग्राने आणि नंतर आलेल्या तिच्या भावंडांनी पुष्कळांचं काम भागतं. ज्यांचं भागत नाही, त्यांच्या त्या नळ्यांत दांड्या बसवता येतात. एक प्रकार वाकणाऱ्या दांड्यांचा. त्या कायम ताठ असतात, एरवी खाली वाकवून ठेवायच्या. दुसरा पंपाचा. अंडकोशात छोटा पंप, पोटात पाण्याची पिशवी, पंप दाबला की पाणी दांड्यांत येतं. हा प्रकार १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉ. स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणला. तो महागडा. आपल्या मुंबईच्या डॉ. रूपिन शहा यांनी इथल्या खिशाला परवडतील अशा वाकणाऱ्या दांड्या तयार केल्या. माझ्या दांड्या वेगळ्या बनावटीच्या आहेत, आणि दोष दांड्यांचा नव्हताच, मापाचा होता. त्या जराशा आखूड पडल्या. त्यामुळे टोकाला आतून आधार नाही, ते खाली झुकतं आणि दुखतं.

आता आधीच्या कर्जाचं काय झालं, ते पाहू. जिथे शस्त्रक्रिया झाली, तिथे मला समजावून सांगायला कुणाला फारसा वेळ नव्हता, हे खरं. पण मी तरी कुठे विचारलं? कर्जदाराला प्रत्येक पान वाचायला लावणाऱ्या मी संमतिपत्र न वाचता खाली सही ठोकली. लाज वाटत होती, तिथून लवकर सुटायचं होतं. मुलाला आणि सुनेला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. बायकोला खरं सांगितलं, पण तिला विचारलं नाही, नुसतं कळवलं. मुख्य कार्यालयाचं परिपत्रक शाखेत येतं, तसं.

आठ महिन्यांपूर्वी ठाण्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्या तक्रारी ऐकून कागदावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं : लांबी पूर्वीसारखी नाही, पूर्वीचा जोम नाही. दुसऱ्या बाजूला : टोक झुकतं, दुखतं. म्हणाले, ‘‘डाव्या बाजूचं कुणीही दुरुस्त करू शकणार नाही. दांडी ताठरता देते. लांबी वाढवत नाही, इच्छा वाढवत नाही, तरुणपण देत नाही. उजव्या बाजूचा मात्र खरा दोष आहे, आणि तो दुरुस्त होऊ शकतो.’’ मला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं की मी दोन वेगळी दुःखं एकाच खात्यावर मांडत होतो.

वाटा तीन. झुकाव थोडा असेल तर दांड्यांना हात न लावता टोक टाक्यांनी जागेवर बसवता येतं. नाहीतर दांड्या काढून बरोबर मापाच्या घालायच्या. तिसरी वाट, काहीच करायचं नाही. नुसत्या काढून टाकल्या तर मूळची ताठरता परत येत नाही, गोळ्याही मग उपयोगी पडत नाहीत, कारण आतला स्पंज पहिल्यासारखा राहिलेला नसतो. मोठी भीती जंतुसंसर्गाची. पहिल्या वेळी तो साधारण शंभरात एक ते तीन जणांना होतो. दुसऱ्यांदा उघडल्यावर धोका वाढतो, आणि साखर ताब्यात नसेल तर आणखी. संसर्ग झाला तर बहुधा सगळं काढावं लागतं.

मी तीन कादंबऱ्या लिहिल्या. तिन्हींत नवरा-बायको आहेत, आणि तिन्हींत दार लोटलं गेलं की मी तीन टिंबं देऊन पुढच्या प्रकरणात उडी मारली आहे. मराठीत हे धाडस कुणी केलंच नाही असं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांना दंड झालाच. त्याला नव्वद वर्षं होऊन गेली, तरी असे प्रश्न विचारायचे तर माणूस अजून भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर टिपून घेतो. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे त्या भिंतीला ठाऊक नसावं.

ठाण्याहून परतल्यावर मी तो रेघ मारलेला कागद बायकोपुढे ठेवला. वाटलं होतं, ती म्हणेल, ‘या वयात कशाला आता?’ मला ते सोयीचंही होतं. निर्णय तिचा, सुटका माझी. तिने चष्मा लावून कागद वाचला.

‘‘दुखतं ते मलाही दुखतं,’’ ती म्हणाली. ‘‘चार वर्षं बोलले नाही. तुम्ही एवढा खर्च केलात, एवढं सोसलंत, म्हटलं कशाला बोलायचं?’’

मला काय बोलावं ते सुचेना.

‘‘दुरुस्त होत असेल तर करून घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘पण या वेळी डॉक्टरांसमोर मी बसणार. आणि आधी साखर. नाक्यावरच्या चहात दोन चमचे घालता, ते मला ठाऊक नाही असं समजू नका.’’

मुलाला मी सगळं खरं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग विचारलं, ‘‘गाडी कोण चालवणार, मीच ना?’’

माझी तीन महिन्यांची सरासरी साखर तेव्हा ८.९ होती. डॉक्टरांना ती ७.५ च्या खाली हवी आहे, त्याआधी ते तारीख देणार नाहीत. परवाच्या तपासणीत ७.८ आली. रोज संध्याकाळी आम्ही दोघं कामतघरला वऱ्हाळादेवी तलावाकडे फिरायला जातो. चहा बिनसाखरेचा झाला आहे आणि वाईट लागतो. टाके की नव्या दांड्या, ते पुन्हा तपासल्यावर ठरेल. संसर्गाची भीती मला अजून आहे, आणि ऐन वेळी मी मागे फिरेनही.

पुढच्या महिन्यात ठाण्याला दोघं जाणार आहोत. अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्यात, माप कसं घेता, संसर्ग झाला तर पुढे काय, अशी प्रश्नांची यादी बायकोने बाजारहाटाच्या वहीत लिहून ठेवली आहे. अकरा प्रश्न आहेत. त्यातले चार मला सुचलेच नव्हते.