तंबू, मैल आणि मुक्काम

सुट्टीत तंबू घेऊन निघालेल्या अमेरिकी कुटुंबाचा एखादा दिवस निव्वळ गाडी चालवण्यात जातो. शिकागो ते यलोस्टोन सुमारे १,४०० मैल, म्हणजे सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास. आठवड्याच्या रजेत हे बसवायचे तर लांब मजल मारावीच लागते. ती किती लांब असावी, हे गेल्या शंभर वर्षांत इंजिनापेक्षा रस्त्याने आणि मुक्कामाच्या जागेने अधिक ठरवले.

यलोस्टोन उद्यान मोटारींना खुले झाले ते ऑगस्ट १९१५ मध्ये. १९१९ साली वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या लष्करी ताफ्याला ३,२०० मैलांहून थोडे अधिक अंतर कापायला ६२ दिवस लागले. दिवसाची सरासरी जेमतेम ५० मैल. खासगी गाड्यांची गत थोडीच बरी होती. फोर्डच्या मॉडेल टीला इंधनाचा पंप नव्हता. सीटखालच्या टाकीतले पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनात उतरायचे. टाकीत तळाशीच पेट्रोल असताना खडा चढ लागला, की गाडी फिरवून रिव्हर्समध्ये वर चढवावी लागे. अंधार पडला की रस्त्याकडेला तंबू. कुणाच्या शेतात, ते उजाडल्यावर कळायचे, आणि शेतकरी वैतागायचे. मग गावोगावी फुकट तळ निघाले, कारण मुक्कामी कुटुंब गावात खरेदी करणार. बिनपैशाच्या तळावर लोक ठाण मांडून बसू लागल्यावर मात्र शुल्क आले.

तळाची आजची रचना झाडांच्या काळजीतून आली. वनस्पतिरोगतज्ज्ञ एमिलिओ माइनेके यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले, की मोटारींच्या चाकांखाली माती दबून रेडवुडची मुळे गुदमरतात. त्यांनी सुचवलेल्या आराखड्यात एकेरी वळणदार रस्ता, त्याला तिरपे फुटणारे गाडीपुरते फाटे, कडेला आडवे धोंडे आणि प्रत्येक जागेत पक्के टेबल व चूल होती. दिवसभर स्टिअरिंग धरून थकलेल्या माणसाला याचा फायदा आयताच मिळाला.

कृष्णवर्णीय कुटुंबांचा हिशेब वेगळा होता. कुठे उतरू देतील यावर त्यांचे मैल ठरत. १९३६ पासून व्हिक्टर ग्रीन यांची ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका त्यासाठीच निघाली. सरकारी तळही या भेदभावातून सुटले नव्हते: व्हर्जिनियातील शेनान्डोआ उद्यानात लुईस माउंटन हा तळ काही वर्षे त्यांच्यासाठी वेगळा राखलेला होता.

१९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग सुरू झाले आणि मजल एकदम वाढली. त्यातला आय-९० हा महामार्ग एकट्या साउथ डकोटात ४०० मैलांहून लांब आहे. त्या सपाट माळावर ‘वॉल ड्रग’ दुकानाच्या पाट्या हाच मुलांचा विरंगुळा. १९३१ मध्ये सुरू झालेल्या या दुकानाने फुकट थंड पाण्याच्या पाटीवर गिऱ्हाईक जमवले. १९६२ मध्ये सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला जाणारी वर्दळ पाहून मोंटानातील बिलिंग्ज इथे केओए या खासगी तळसाखळीचा पहिला तळ निघाला: गरम पाण्याची अंघोळ, दुकान, रात्रीचे पावणेदोन डॉलर.

तेलटंचाईनंतर १९७४ मध्ये वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली. दहा तासांत फार तर ५५० मैल. ती राष्ट्रीय मर्यादा १९९५ मध्ये पूर्णपणे उठली, आणि आज साउथ डकोटात महामार्गावर ८० मैलांची मुभा आहे. दरम्यान गाडीतली मुलेही जागेवर बांधली गेली. पूर्वी स्टेशन वॅगनच्या मागच्या भागात पथारी पसरून ती झोपत आणि वडील पहाटेपासून गाडी हाकत. १९७८ मध्ये टेनेसीत बालआसनाचा कायदा लागू झाला आणि १९८५ पर्यंत तो सगळ्या राज्यांत आला. सुरक्षितता वाढली ती जास्त थांब्यांच्या बदल्यात, आणि सौदा चांगलाच म्हणायचा.

आता लोकप्रिय उद्यानांतल्या अनेक जागा सहा महिने आधी ऑनलाइन राखून ठेवाव्या लागतात. मुक्काम आधीच पक्का, म्हणून मैलही पक्के. वाटेत टायर फुटला किंवा मूल आजारी पडले, तर उशिरा पोचून हेडलाइटच्या उजेडात तंबू ठोकायचा, नाहीतर त्या रात्रीच्या पैशांवर पाणी सोडून वाटेतल्या मोटेलात उतरायचे.