बेत शनिवारचा

बुधवार उजाडला की आमच्या मंडळींच्या अंगात वारं शिरायचं. नोकऱ्या निरनिराळ्या. कोणी बँकेत, कोणी कारखान्यात, कोणी शाळामास्तर, तर एकजण औषधांच्या कंपनीचा फिरता विक्रेता. पण बुधवारी संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनाजवळच्या एका उडप्याकडे कोपऱ्यातल्या टेबलावर सगळे हजर. चहा तीन, माणसं सहा. मधोमध वहीचा फाडलेला कागद आणि त्यावर ठळक मथळा : ‘शनिवार’. गोष्ट १९९०च्या सुमाराची. तेव्हापासून आजतागायत आमच्यातल्या बऱ्याच जणांचे केस गेले, दोघांचे गुडघे गेले, उडपीही गेला. पण शनिवारच्या बेताची खोड काही गेली नाही.

डोंगरात भटकणाऱ्या माणसाला विचाराल, तर प्रत्यक्ष ट्रेकइतकाच आनंद त्याच्या बेतात असतो. पहिलं भांडण ‘जायचं कुठं’ यावर. आमच्यात किल्लेवाले होते, सुळकेवाले होते आणि ‘नुसतं जंगलात जाऊन पडू या’ असं म्हणणारा एक पंथही होता. पण निकाल बहुधा ऋतूच लावायचा. जूनच्या पहिल्या सरींआधी काजवे, म्हणजे राजमाची नाहीतर भंडारदरा. भर पावसात नळीच्या वाटा आणि ओढे ओलांडायला लागणाऱ्या वाटा बाद. पाऊस ओसरला की हरिश्चंद्रगड, रतनगड, रानफुलांनी भरलेली पठारं. थंडी ही लांबलचक घाटवाटांची. मार्चनंतर पहिला प्रश्न पाण्याचा. टाक्यात पाणी आहे की नाही याची खात्री नसेल, तर किल्ला कितीही देखणा असो, त्यावर काट. सुळक्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असली, तर सुळकेवाल्यांनी निमूट किल्लेवाल्यांच्या मागे चालायचं.

मग वेळापत्रक. मध्यरात्रीनंतरची शेवटची कर्जत लोकल ही आमची पालखी. पहाटे कर्जतला उतरायचं, फलाटावर सॅक उशाला घेऊन दोन तास लवंडायचं आणि पहिली एसटी धरायची. नकाशांची तर बोंबच होती. सर्व्हे ऑफ इंडियाचे किनारपट्टीलगतचे तपशीलवार नकाशे तेव्हा सामान्य माणसाला मिळत नसत. त्यामुळे आनंद पाळंद्यांचं ‘डोंगरयात्रा’ हे आमचं पंचांग. त्यातला नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि सोंड कुठली, खिंड कुठली, यावर वाटेत पुन्हा भांडायचं.

शेवटी शिधा. तांदूळ, मुगाची डाळ, कांदे-बटाटे, चहा, साखर, दुधाची पावडर. काळाकुट्ट टोप कोण नेणार यावर चिठ्ठ्या. आणि शिध्याच्या खाली न चुकता एक ओळ : ‘मेणबत्ती, कापूर, सायकलच्या ट्यूबचे तुकडे.’ ही चूल पेटवायची सामग्री. भर पावसात चूल पेटवणं ही आमच्यात मॅट्रिकची परीक्षा होती. जमिनीवर पडलेलं लाकूड घ्यायचं नाही, झाडावरच वाळून उभी असलेली फांदी मोडायची. तिची साल काढायची, आतला कोरडा गाभा कोयत्यानं सोलून त्याच्या काडीएवढ्या चिपा करायच्या. कापूर धरतो, ट्यूबचा तुकडा धूर ओकत जळत राहतो, तेवढ्यात चिपांनी पेट घ्यायला हवा. अर्ध्या तासात चहा उकळला, तर त्या माणसाचा भाव महिनाभर वधारलेला असायचा. आज या असल्या रानविद्येची रीतसर शिबिरं होतात. आम्ही ती एकमेकांच्या शिव्या खात शिकलो.

१९९२च्या जुलैमध्ये आमच्या कागदावर ‘इर्शाळगड’ लिहिलं गेलं. माथेरान आणि प्रबळगडाच्या शेजारचा हा डोंगर, उंची सुमारे ३,७०० फूट. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून जाताना आकाशात बोट रोवल्यासारखा त्याचा सुळका दिसतो. सुळक्याला आरपार नेढं आहे. तटबुरूज असे फारसे नाहीत. पाण्याची टाकी आणि भन्नाट वारा, एवढीच गडाची दौलत. चौकच्या बाजूनं सोंडेनं चढायचं, निम्म्याहून अधिक चढल्यावर डोंगराच्या खांद्यावर ठाकरांची वस्ती लागते, ती इर्शाळवाडी. तिथून पुढे गड. कागदावर सगळं कसं सरळ होतं.

प्रत्यक्षात त्या दिवशी ढग पार वाडीपर्यंत उतरला होता. घाईत आम्ही वाडीत न थांबता पुढे गेलो आणि तासाभरात मळलेली वाट सोडून एका ढोरवाटेला लागलो. ढोरवाटेचा स्वभाव असा, की ती मोठ्या विश्वासानं तुम्हाला कारवीच्या रानात घेऊन जाते आणि तिथं सोडून देते. दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. त्यात आमच्या शाळामास्तरांचा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला आणि घोटा हा हा म्हणता सुजला. नकाशाचा लगदा झाला होता. बॅटऱ्या होत्या, पण दिवसाच्या पांढऱ्या काळोखात त्यांचा उपयोग काय?

तेवढ्यात गुरांच्या गळ्यातल्या घाट्या ऐकू आल्या. मागून इरलं पांघरलेला एक म्हातारा धुक्यातून उभा राहिला. त्यानं आमच्याकडे एकवार पाहिलं, मास्तरांची सॅक काही न बोलता स्वतःच्या खांद्यावर टाकली, कोयत्याच्या दोन घावांत एक काठी तोडून त्यांच्या हातात दिली आणि चालू लागला. वाटेत आमच्यातल्या एकानं चिकाटीनं विचारलं, ‘‘बाबा, गड किती राहिला?’’ म्हातारा थांबला. म्हणाला, ‘‘डोंगर काय कुठं पळून जातोय का, पोरांनो? पाऊस थांबला का या.’’

त्या रात्री आम्ही सहाजण त्याच्या पडवीत होतो. ओल्या कपड्यांनी कुडकुडत, आपलं काही ओझं होऊ नये म्हणून पडवीच्या टोकाला कापूर-ट्यूब काढून चूल पेटवायचा आमचा खटाटोप चालला होता. घरातली बाई दारात उभी राहून बराच वेळ पाहत होती. शेवटी ती आत गेली, चुलीवरच्या माळ्यावरून चार काटक्या काढून घेऊन आली आणि एका काडीत जाळ झाला. कापूर नाही, ट्यूब नाही. मी वर पाहिलं. माळ्यावर चार महिन्यांचं सरपण नीट रचलेलं होतं, चुलीच्या धुरानं खडखडीत वाळत होतं. ते उन्हाळ्यातच तोडून, वाहून, रचून झालेलं. छपराची शाकारणी त्याच सुमारास, शेतातला राब त्याआधी. बेत बेत म्हणून आम्ही दोन दिवसांच्या खिचडीचे हिशेब मांडत होतो. खरा बेत तो त्या माळ्यावर होता.

तांदळाची भाकरी आणि टाकळ्याची भाजी खाऊन आम्ही घोंगड्या ओढून झोपलो. सकाळी पैसे देऊ केले, ते तिनं घेतले नाहीत. उरलेली साखर आणि चहापूड मात्र हसत ठेवून घेतली. पुढे दर एक-दोन वर्षांनी आमचा फेरा त्या घरी होत राहिला. तिला आम्ही मावशी म्हणायचो, म्हाताऱ्याला बाबा. काही वर्षांनी बाबा दिसेनासे झाले. मावशी म्हणाली, ‘‘गेले.’’ आम्ही हळहळलो, भाकरी खाल्ली आणि गडावर गेलो.

बाबांचं वाक्य मात्र आमच्या मंडळींत घोषवाक्य होऊन बसलं. हवामान बिघडलं, कोणाला ताप आला, बायकोनं डोळे वटारले की बेत रद्द करताना कोणीतरी म्हणायचं, ‘‘डोंगर काय कुठं पळून जातोय का?’’ ते शहाणपणाचंच होतं. सह्याद्रीत माणसं बहुधा अवघड जागी जात नाहीत. ठरलेला बेत पुरा करायच्या हट्टापायी जातात. परत फिरायची वेळ आधीच कागदावर लिहून ठेवावी आणि ती झाली की माथा शंभर पावलांवर असला तरी मागे वळावं, हे आम्ही नव्या पोरांना आजही सांगतो.

१९ जुलै २०२३ हा दिवस बुधवारच होता. आता बेत फोनवर होतो. रात्री आमच्या गटात येत्या शनिवार-रविवारची बोलणी चालली होती. पाऊस फार आहे, या खेपेला नको, असं ठरलं. त्यावर एकानं ते नेहमीचं वाक्य टाकलं, आम्ही अंगठे उमटवले आणि झोपलो.

त्याच रात्री इर्शाळगडाच्या अंगाचा डोंगर वाडीवर आला.

तीन दिवसांत जवळजवळ पाचशे मिलिमीटर पाऊस तिथं पडला होता. कातळावरच्या मातीच्या थरात पाणी मुरत गेलं की मातीची पकड सुटते आणि दगडधोंड्यांसह सगळा उतार खाली सरकतो. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. वर जायला रस्ता नव्हता. होती ती आमचीच पायवाट. रात्रीच्या काळोखात, चिखलात, पावसात चढायची. त्या वाटेनं चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. यंत्रं वर पोहोचेनात, म्हणून कुदळ-फावड्यांनी खणावं लागलं. आसपासच्या गिर्यारोहकांची पथकंही त्यात राबली. दोर-खिळ्यांचं शिकलेलं निदान अशा वेळी कामी आलं. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. जे वाचले त्यांचा मुक्काम आधी कंटेनरच्या घरांत पडला, पुढे त्यांच्यासाठी चौकजवळ पक्की घरं बांधली गेली.

आणि मग वर्तमानपत्रांत नावं आली. मी चष्मा लावून यादी घेऊन बसलो, आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की यादीत शोधायचं काय, हेच मला ठाऊक नाही. मावशीचं नाव काय? मास्तरांना फोन केला. ज्यांचा घोटा त्या घरात रात्रभर शेकला गेला होता, त्या मास्तरांनाही माहीत नव्हतं. सहाच्या सहाजणांना विचारून झालं. कोणालाच नाही.

मी जुन्या वह्या काढल्या. आमच्या वह्या म्हणजे काटेकोरपणाचा नमुना. एसटीचं भाडं लिहिलं होतं, पाण्याची जागा लिहिली होती, वाडीपासून नेढ्यापर्यंत किती मिनिटं लागली तेही होतं. आणि एके ठिकाणी माझ्याच अक्षरात : ‘मुक्काम – वाडीतलं डावीकडचं पाचवं घर, निळा ओटा. जेवण उत्तम.’ ओट्याचा रंग लिहिला होता. माणसाचं नाव नव्हतं. मावशी त्या रात्री तिथं होती, की आधीच गेली होती, की खाली चौकजवळच्या घरात आज आहे, हे मला सांगता येत नाही. चौकशी केली असती तर कळलं असतं. पण कुठल्या तोंडानं करायची? ‘निळ्या ओट्याची बाई’ म्हणून?

आम्ही जुनी खोडं आजकालच्या गर्दीला सारखी नावं ठेवत असतो. रविवारी गडांवर जत्रा भरते, कर्णे वाजतात, प्लॅस्टिक पडतं, पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांना बंदी घालावी लागते. सगळं खरं आहे. पण नावं ठेवण्यात पुढे असणाऱ्या आम्ही नाव विचारण्यात कुठं होतो? आमचा प्रत्येक बेत कुठल्या ना कुठल्या वाडीच्या जिवावर उभा होता. रात्री अंग टेकायला पडवी, चुकलो तर वाट दाखवायला कोणीतरी, उतरताना ताक. डोंगरासारखीच ती वाडीही जागेवर असणार, हे आम्ही गृहीत धरलं होतं. ३० जुलै २०१४ला भीमाशंकरच्या परिसरातलं माळीण गेलं तेव्हाही आम्ही हळहळलो होतो. नेहमीच्या फेरीवरच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, त्यानं ते कळवलं, आणि जगाला कळलं. त्या चालकाला निदान तिथं गाव असायला हवं, एवढं ठाऊक होतं.

त्यानंतर मी इर्शाळला गेलो नाही. पण गेल्या हिवाळ्यात हरिश्चंद्रगडाला गेलो, पाचनईच्या वाटेनं, गुडघ्यांना विचारत विचारत. उतरताना नेहमीच्या घरी पिठलं-भाकरीला थांबलो. त्या घरी मी कितीतरी वर्षं जातो आहे. ताट पुढे आल्यावर मी म्हटलं, ‘‘ताई, तुमचं नाव काय?’’

भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. ती मोठ्यानं हसली. आत बसलेल्या सुनेला हाक मारून म्हणाली, ‘‘ऐकलं का गं, आता नाव इचारत्यात! इतकी वरसं जेवून जात्यात.’’ मग तिनं नाव सांगितलं. आडनावासकट सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, सुनेचं आणि नातवाचंही सांगितलं. मी वही काढून सगळं लिहून घेतलं. माझी लिहायची धांदल ती पाहत होती. शेवटी तव्यावरची भाकरी उलटून तिनं विचारलं,

‘‘आन् तुमचं काय हो नाव?’’