हॉब्स लेनचा खड्डा आणि नगरचा स्पाइक

२६ जानेवारी १९५९ची रात्र. आपल्याकडे दिल्लीत दूरदर्शनचं पहिलं प्रायोगिक प्रक्षेपण व्हायला अजून साडेसात महिने होते. तिकडे ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी १० लाख माणसं बीबीसीवर ‘क्वाटरमास अँड द पिट’चा सहावा आणि शेवटचा भाग बघत बसली होती. भागाचं नाव ‘हॉब’. बरोबर आठवड्याने, २ फेब्रुवारीला, त्याच बीबीसीच्या रेडिओवर ‘गून शो’ने ‘द स्कार्लेट कॅप्सूल’ नावाचा भाग सादर करून या मालिकेची यथेच्छ टर उडवली. ‘गून शो’चा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन हा जन्माने आमच्या नगरचा. तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. १६ एप्रिल १९१८. वडील लिओ ब्रिटिशांच्या तोफखान्यात होते. पोराचं बालपण पुढे पुण्यात आणि रंगूनला गेलं, म्हणून नगरचा हक्क सांगताना आवाज जरा खालीच ठेवावा लागतो. तरी सांगतो.

नायजेल नील या लेखकाने रचलेली गोष्ट साधीच सुरू होते. लंडनच्या नाइट्सब्रिज भागात, हॉब्स लेनमध्ये, इमारतीसाठी पाया खोदताना कवट्या सापडतात. त्या पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या निघतात. त्यांच्यामागोमाग मातीतून एक अवजड, गुळगुळीत वस्तू डोकावते. महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब असणार, म्हणून लष्कर येतं आणि खड्ड्याचा ताबा कर्नल ब्रीनकडे जातो. हा ब्रीन आधीच प्रोफेसर क्वाटरमासच्या अग्निबाण संशोधनावर सरकारने आणून बसवलेला. चंद्रावर क्षेपणास्त्रांचे तळ उभारायची स्वप्नं बघणारा. त्या वस्तूच्या आत तीन पायांचे, केव्हाच मेलेले कीटक सापडतात. ते मंगळावरचे आहेत आणि माणसाच्या पूर्वजांच्या मेंदूत त्यांनी फेरफार केले, असं क्वाटरमासचं म्हणणं. ब्रीनचं म्हणणं वेगळं. ही सगळी जर्मनांची बनवाबनवी आहे, लंडनकरांना घाबरवायला युद्धकाळात टाकलेली.

मंत्र्यांना ब्रीनचंच पटतं. पटायचंच. या मालिकेवर माझा जीव जडला तो इथे. इथलं सत्य दडपायला काळ्या चष्म्यातली माणसं लागत नाहीत. एक बैठक होते, दोन खुलासे समोर येतात आणि त्यातला कमी त्रासाचा मंजूर होतो. मग सगळं कसं सुरक्षित आहे ते दाखवायला पत्रकारांना आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यांना खड्ड्यात बोलावलं जातं. त्यांच्यासाठी ओढलेल्या विजेच्या तारांमुळेच मंगळावरच्या त्या यानाला बळ मिळतं. लंडन पेटतं, माणसं आपल्यापेक्षा वेगळ्या माणसांना शोधून ठेचायला लागतात. नॉटिंग हिलच्या वंशद्वेषी दंगली जेमतेम पाच महिन्यांपूर्वी होऊन गेल्या होत्या. प्रेक्षकांना संदर्भ समजावून सांगायची गरज नव्हती.

नगर जिल्ह्यातल्या माणसाला ही मालिका आणखी एका कारणाने जवळची वाटावी. तिच्या जेमतेम दोन-तीन वर्षं आधी प्रवरेकाठी नेवाशाला ह. धी. सांकलियांचं उत्खनन चाललं होतं, थरामागून थर, अश्मयुगापर्यंत. मालिकेत कवट्यांचं उत्खनन करणाऱ्या डॉ. रोनीला नेमकी हीच सबुरी हवी असते आणि ब्रीन ती मिळू देत नाही. पुढे १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला झाडाचं मूळ खणताना एका गावकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ सापडले. चारही धातूचे, मिळून ६० किलोंहून जड. त्यांच्या काळावरून जाणकारांत मतभेद झाले. अमुकच शतकातले म्हणून शिक्का मारून कोणी मोकळं झालं नाही. ब्रीनला अशी अनिश्चितता एक दिवस सोसली नसती.

मालिकेत खोट आहेच. पाचव्या भागात मंगळावरची कत्तल दाखवलीय, ती बघताना बाहुल्या हलवणारे हात जवळजवळ दिसतात. वंशाच्या आठवणी रक्तातून उतरतात ही कल्पनाही आज फार ताणली तर तुटते. आवाज मात्र अजून अंगावर काटा आणतात. बीबीसीची रेडिओफोनिक वर्कशॉप १९५८मध्येच सुरू झाली होती, तिची ही करामत. स्पाइकच्या मंडळींनी टर उडवताना मालिकेतले हेच आवाज वापरले, म्हणजे थट्टेलाही अस्सल माल.

नीलच्या वाटेला स्पाइक आधीही गेला होता. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चं नीलने केलेलं टीव्ही रूपांतर डिसेंबर १९५४मध्ये आलं, त्यावरून थेट संसदेत गदारोळ झाला. जानेवारीत ‘गून शो’ ‘नाइन्टीन एटी-फाइव्ह’ घेऊन हजर! त्यात बिग ब्रदर कॉर्पोरेशन म्हणजे खुद्द बीबीसी. छावणीत जन्मलेल्या आणि पुढे स्वतः युद्धात तोफखान्यात राहिलेल्या माणसाला वरिष्ठांच्या ठाम आवाजातला पोकळपणा लगेच ऐकू येत असावा, असं मला वाटतं.

माझ्या पिढीला ही चटक लागली ‘एक्स-फाइल्स’मुळे. १९९३ साली सुरू झालेल्या त्या मालिकेसाठी लिहायला नीललाही विचारलं होतं. त्याने नकार दिला. मला त्याचं नवल वाटत नाही. मल्डर-स्कलीच्या जगातल्या सरकारला सगळं ठाऊक असतं, तेच ते लपवत असतं. नीलच्या सरकारला काही ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नाही. मला हे दुसरं जास्त घाबरवतं.

सहाही भाग आज शाबूत आहेत. १९५३च्या पहिल्या क्वाटरमास मालिकेचे मात्र सहापैकी दोनच उरलेत. बघणाऱ्याला माझी एकच विनंती. ‘हॉब’ संपल्या संपल्या ‘स्कार्लेट कॅप्सूल’ लावू नका. रोनी लोखंडी साखळी घेऊन त्या हॉबच्या, म्हणजे सैतानी आकृतीच्या, दिशेने चालत जातो, ते दृश्य आठवडाभर डोक्यात राहू द्या. स्पाइकच्या श्रोत्यांना तेवढाच वेळ मिळाला होता.