पक्षाघातानंतर यकृताची चाचणी काय सांगते?

वडिलांना पक्षाघात झाला आहे. उजवा हात हलत नाही, बोलणे अडखळते आहे. दुसऱ्या दिवशी मुलाच्या मोबाइलवर रक्ताचा रिपोर्ट येतो. त्यात 'एसजीओटी'चा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो, म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त. आजार मेंदूचा, मग यकृताचे हे काय? आणि आकडा वाढला म्हणजे बाबा पुन्हा चालणार नाहीत का? अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या घरच्यांना असे प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरे, म्हणजे पेशींच्या आत काम करणारी प्रथिने. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. एसजीपीटी मुख्यतः यकृतात असते. एसजीओटी मात्र हृदय, स्नायू आणि मेंदूतही असते. १९५४ साली न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी एसजीओटीची चाचणी पुढे आणली ती हृदयविकाराच्या झटक्यासाठी, यकृतासाठी नव्हे. त्यामुळे पक्षाघात होऊन कोणी कित्येक तास जमिनीवर पडून राहिले असेल, तर दबलेल्या स्नायूंमुळेही हा आकडा वाढतो.

या विकराचा मेंदूशी आणखी एक संबंध आहे. ग्लुटामेट हे मेंदूतल्या पेशींचे निरोप पोहोचवणारे रसायन. रक्तपुरवठा तुटला की ते भरमसाट सांडते आणि शेजारच्या पेशींनाही मारते. एसजीओटी रक्तातल्या ग्लुटामेटचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर करते. रक्तातले प्रमाण उतरले, की मेंदूतले जादा ग्लुटामेट रक्तात ओढले जाण्यास मदत होते, अशी कल्पना आहे. स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथील संशोधकांना २०११ साली असे आढळले, की दाखल होताना ज्यांचे एसजीओटी जास्त होते, ते रुग्ण तीन महिन्यांनंतर तुलनेने बरे होते.

म्हणजे वाढलेला आकडा चांगला? इतके सोपे नाही. चीनमधील काही अभ्यासांत एसजीओटीला एसजीपीटीने भागून येणारे गुणोत्तर पाहिले गेले. ते जास्त असलेल्या रुग्णांची सुधारणा कमी दिसली. वय वाढते, स्नायू झिजतात, तसे एसजीपीटी उतरते आणि गुणोत्तर चढते. हा आकडा कदाचित यकृतापेक्षा शरीराचा एकूण अशक्तपणाच दाखवत असेल. अल्कलाइन फॉस्फेटेज हे यकृत आणि हाडांतले विकर. २०१० साली सोलमधील अभ्यासात ते जास्त असलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठण्याशी त्याचा संबंध असावा, असे मानले जाते.

हे सारे निष्कर्ष शेकडो रुग्णांच्या सरासरीचे आहेत. सरासरीवरून एका माणसाचे भविष्य सांगता येत नाही. पक्षाघातानंतरची वाटचाल मुख्यतः ठरते ती सुरुवातीच्या तीव्रतेवर, वयावर, मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली त्यावर आणि उपचार किती लवकर मिळाले त्यावर. डॉक्टर रुग्णाला तपासून ही तीव्रता ० ते ४२ गुणांत मोजतात.

कधी कधी साध्या निरीक्षणातूनही बरेच कळते. नेदरलँड्समधील एका अभ्यासात दुसऱ्या दिवशी ज्यांना बोटे थोडी सरळ करता येत होती आणि खांद्यातून हात बाजूला उचलता येत होता, त्यांच्या हाताचे कौशल्य सहा महिन्यांत थोडेफार परतण्याची शक्यता ९८ टक्के होती. ज्यांना हे जमत नव्हते त्यांच्यात ती २५ टक्के होती. लक्षात घ्या, तीही शून्य नव्हती.

मग यकृताची चाचणी करायची कशाला? कारण रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतात बनतात. यकृताचा गंभीर आजार असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि औषधांची निवडही बदलावी लागते. पक्षाघातानंतर कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी ही विकरे थोडी वाढू शकतात. तेवढ्यावरून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. त्या थांबवल्यास पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो. सामान्य कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक वाढ झाली, तर डॉक्टर सहसा औषधाचा फेरविचार करतात. 'लिव्हर साफ' करणारी चूर्णे आणि काढेही डॉक्टरांना न विचारता देऊ नका. त्यातली काही यकृतालाच इजा करतात.

आणि पक्षाघाताची शंका येताच, म्हणजे चेहरा वाकडा झाला, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर १०८ क्रमांकावर फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. बाबा पुन्हा चालतील का, याचे उत्तर रिपोर्टमधल्या आकड्यापेक्षा या तासांवर आणि नंतरच्या नेटाने केलेल्या फिजिओथेरपीवर जास्त अवलंबून आहे.