उष्णोदक स्नान : नेमके किती अंश?

दिनचर्येत स्नानाचा विचार करताना वाग्भटाचार्यांनी मानेखालील शरीरास उष्ण जल बलदायक, तर मस्तकावर तेच केश व नेत्रांस अहितकर सांगितले आहे. उष्णतेचे प्रमाण मात्र स्पर्शावर सोपविलेले होते. बंबातील कढत पाणी घंगाळात घेऊन त्यात विसण घातल्याशिवाय अंगावर घेण्याची रीतच नव्हती. आज गिझरची तोटी सोडताच पाणी थेट अंगावर येते आणि विसणाची पायरी पुष्कळदा गळून पडते. म्हणूनच ‘कोमट पाण्याने स्नान’ एवढेच लिहून न थांबता वैद्यांनी अंशही सांगावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

येथे दोन तापमाने वेगळी धरली पाहिजेत : टाकीतील आणि त्वचेवरील. त्वचेसाठी ३७ ते ४० अंश सेल्सिअस पुरेसे होय. ६० अंशांच्या पाण्याने प्रौढाची त्वचाही सुमारे पाच सेकंदांत गंभीररीत्या भाजते. ४९ अंशांच्या आसपास त्यास काही मिनिटे लागतात. बालकांची त्वचा पातळ असल्याने हा अवधी आणखी कमी. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावलेल्या रुग्णास तर चटका जाणवतच नाही, आणि पादस्नानाचा सल्ला आपण बहुधा अशांनाच देत असतो.

मग टाकीच ४० अंशांवर ठेवावी काय? तसे करणे निर्धोक नाही. १९७६ साली फिलाडेल्फिया येथे उद्भवलेल्या श्वसनविकाराच्या साथीतून पुढील वर्षी ओळखला गेलेला लीजिओनेला हा जंतू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो व तुषारांवाटे फुप्फुसांत शिरतो. ५० अंशांपुढे त्याची वाढ थांबते. ६० अंशांना तो काही मिनिटांत मरू लागतो. रोज रिकाम्या होणाऱ्या घरगुती लहान गिझरमध्ये हे भय अल्प आहे. सबब घरात लहान मूल वा वृद्ध असल्यास आणि तोटीपूर्वी पाणी मिसळणारी झडप नसल्यास, गिझरची कळ ५० अंशांवर ठेवून आठवड्यातून एकदा, कोणी स्नानास जाण्याचे नसताना, ६० पर्यंत चढवावी. झडप असल्यास टाकी ६० वर ठेवणेच श्रेयस्कर.

विजेच्या बचतीविषयी एक गैरसमज रूढ आहे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर नेण्यास सुमारे एक युनिट, तर ५० वर नेण्यास पाऊण युनिटाहून किंचित कमी वीज लागते, हे खरे. परंतु विसण घालून ४० अंशांचे पाणी पहिल्या टाकीतून सुमारे ५८ लिटर मिळते, दुसरीतून ४२ च. म्हणजे बादलीमागे खर्च जवळजवळ सारखाच! खरी नासाडी होते ती तापलेल्या टाकीतून दिवसभर बाहेर झिरपणाऱ्या उष्णतेची. गिझरवरील तारांकन याच हानीवर आधारलेले आहे. दोन किलोवॅटचा गिझर स्नानापूर्वी अर्धा तास चालविला की पुरे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात ६० अंशांपुढे कॉइलवर पुटेही वेगाने चढतात.

पंचकर्म केंद्रांचा प्रश्न याहून गंभीर आहे. तेथे गच्चीवर सौर टाकी, खाली लांबलचक नळ आणि दुर्बल रुग्ण. उन्हाळ्यात या टाकीचे पाणी सत्तरीपार जाते, तेव्हा मिश्रण झडप अपरिहार्य ठरते. वर्षाऋतूत, म्हणजे बस्तिकर्मासाठी रुग्णांची वर्दळ असते त्याच काळात, ढगाळ हवेने तीच टाकी दिवसेंदिवस कोमट राहते. त्या दिवसांत विद्युत कॉइलने टाकी रोज ६० अंशांवर न्यावी आणि न वापरलेल्या तोट्यांतील पाणी रुग्ण येण्यापूर्वी सोडून द्यावे.

मोजमापासाठी ताप पाहण्याचा थर्मामीटर वापरू नये. त्याचे अंकन ४२ अंशांच्या आसपासच संपते. प्रयोगशाळेतील ११० अंशांपर्यंतची काचनळी अल्प किमतीत मिळते. अवगाहाच्या द्रोणीत पाणी नीट ढवळून मगच ती बुडवावी, कारण वरचा थर नेहमीच तळापेक्षा उष्ण असतो.