खतावणी तीच, आवृत्ती नवी

‘तांत्रिक कामासाठी आज मध्यरात्रीनंतर काही तास सेवा उपलब्ध नसेल’ असा संदेश आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी आलेला असतो. त्या काही तासांत पडद्याआड अनेकदा डेटाबेसचा, म्हणजेच संगणकीय खतावणीचा, आवृत्तिबदल चाललेला असतो.

सुरळीत चालणारी व्यवस्था बदलावीच कशाला, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर आवृत्तीच्या आयुर्मर्यादेत आहे. ‘पोस्टग्रेस’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त डेटाबेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीची देखभाल सुमारे ५ वर्षे होते. २०१६ मध्ये आलेल्या ९.६ या आवृत्तीची देखभाल नोव्हेंबर २०२१ मध्ये थांबली. अशी आवृत्ती पुढेही चालत राहते. मात्र तिच्यात नव्याने आढळणाऱ्या सुरक्षाविषयक उणिवांवर अधिकृत दुरुस्ती मिळत नाही.

जुन्या नोंदींवर नवी मुख्य आवृत्ती थेट सुरू करता येत नाही. सर्व नोंदी बाहेर काढून नव्याने भरणे हा सरळ, पण वेळखाऊ मार्ग. ‘पीजी-अपग्रेड’ हे साधन नोंदींच्या फायली तशाच राखून केवळ रचनेची माहिती नव्याने लिहिते. जुन्याच फायली जोडून घेण्याचा त्यातील पर्याय अतिशय जलद आहे. परंतु नवी आवृत्ती एकदा सुरू झाली की परतीची वाट बंद होते. मग स्वतंत्र ठेवलेली प्रत हाच आधार उरतो.

खरी कसोटी त्यानंतरची. डेटाबेसबरोबर अनेकदा सर्व्हरची कार्यप्रणालीही बदलली जाते. २०१८ मध्ये लिनक्समधील ‘जीलिबसी’ या पायाभूत घटकाच्या २.२८ आवृत्तीत अक्षरानुक्रम लावण्याचे नियम बदलले. पोस्टग्रेसमधील शब्दांच्या अनुक्रमणिका सामान्यतः याच नियमांवर विसंबून असतात. त्यामुळे नोंद जागेवर असूनही ती शोधात न सापडण्याचा, आणि एकदाच यावी अशी नोंद दोनदा शिरण्याचा धोका निर्माण झाला. शब्दकोशाची पाने तीच राहावीत आणि वर्णक्रम मात्र रातोरात बदलावा, तसा हा प्रकार! याची सूचना प्रणाली आपणहून देईलच असे नाही. अनुक्रमणिका पुन्हा बांधणे हाच त्यावरचा उपाय.

म्हणूनच प्रत्यक्ष बदलापूर्वी खऱ्या नोंदींच्या प्रतीवर रंगीत तालीम घ्यावी लागते. किती वाजेपर्यंत काम न जमल्यास माघार घ्यायची, हेही आधीच ठरवावे लागते. शेवटी जुन्या व नव्या नोंदींची संख्या आणि शिलकांची बेरीज पडताळून ताळा जमवावा लागतो. बँकेतील माणसाला ही शिस्त नवी नाही.

या कामात शाखेतील सहकाऱ्यांचाही वाटा आहे. आवृत्तिबदलानंतरच्या सकाळी एखाद्या ग्राहकाचे खाते ‘दिसत नाही’ एवढेच कळवून भागत नाही. ‘नावाने सापडत नाही, क्रमांकाने सापडते’ असे नेमके कळवल्यास दोष अनुक्रमणिकेत असावा, हे तंत्रज्ञाला चटकन उमगते. आणि ग्राहकालाही तेव्हाच विश्वासाने सांगता येते, की आपली नोंद हरवलेली नाही. ती जागेवरच आहे.